आमच्या जिल्ह्याच्या हद्दी कुठून आल्या

1 मे 1981 ला रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि दक्षिणेकडचा भाग सिंधुदुर्ग झाला. मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अंतुले. मी तेव्हा कुडाळ तालुक्यात तलाठी म्हणून नुकताच लागलो होतो. नवे छापील फॉर्म यायला बराच वेळ लागला. तोपर्यंत आम्ही प्रत्येक उताऱ्यावरच्या 'जिल्हा रत्नागिरी' या अक्षरांवर रेघ मारायचो आणि वर हाताने 'सिंधुदुर्ग' लिहायचो. दप्तरात त्या सालातले कागद अजून सापडतात आणि रेघेवरून लगेच ओळखू येतात.

नोकरीभर माझं काम हद्दींचंच होतं. बांध, पाणंद, व्हाळ, गावाची शीव. निवृत्त झाल्यावर गावातली मुलं शाळेच्या प्रकल्पासाठी विचारायला येतात, "आजोबा, आपलो जिल्हो कधी झालो?" तारीख सांगून त्यांना परत पाठवणं सोपं आहे, पण मला ते जमत नाही. एका तारखेत हा जिल्हा मावत नाही. माझं म्हणणं असं की 1981 साली जिल्हा तुटला हे अर्धंच खरं. त्याच्या आधी जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे तुटलं होतं, त्यातलं बरंचसं त्या दिवशी एका नावाखाली परत आलं. एक बाजू मात्र तुटली ती तुटलीच, आणि तिचा त्रास आजही आपण सोसतो आहोत.

आधी जुन्या रत्नागिरीबद्दल. उत्तरेला सावित्री नदीची बाणकोट खाडी, दक्षिणेला गोव्याच्या सरहद्दीवरची तेरेखोल नदी. एवढा लांब आणि एवढा चिंचोळा जिल्हा. सावंतवाडीहून रत्नागिरी दीडशे किलोमीटरच्या वर, त्यातही वळणं, घाट्या आणि पावसाळा. दोडामार्गाकडच्या माणसाला कलेक्टर कचेरीत एका अपिलाची तारीख असली की आदल्या दिवशी निघायचं, रात्री ओळखीच्या घरी नाहीतर एसटी स्टँडवर काढायची, तारीख पुढे पडली की तसंच मागे यायचं. अशी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. जमीन सोडून दिली पण रत्नागिरीला पुन्हा गेलो नाही, असं सांगणारेही त्यांत होते. वेगळा जिल्हा हवा ही मागणी या थकव्यातून आली होती.

रत्नागिरी जिल्हासुद्धा काही पूर्वापार चालत आलेला नव्हता. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी 1819 मध्ये दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा केला आणि कचेरी ठेवली बाणकोटला, कारण बाणकोट त्यांच्याकडे 1756 पासून होतं. तुळाजी आंग्र्याकडून जिंकलेला विजयदुर्ग पेशव्यांना देऊन त्याच्या बदल्यात त्यांनी बाणकोट घेतलं होतं. पण बाणकोट अगदी टोकाला. म्हणून 1822 मध्ये कचेरी रत्नागिरीला नेली, मध्यवर्ती म्हणून. 1830 मध्ये बाणकोटच्या उत्तरेचे तीन भाग उत्तर कोकणाला जोडले आणि रत्नागिरीचा दर्जा उतरवून तिला पोटजिल्हा केलं. दोनच वर्षांत, 1832 ला, पुन्हा पूर्ण जिल्हा. कागदावर जिल्हा वाढत होता, आखडत होता, आणि खाली नांगरणारा माणूस तीच जमीन नांगरत होता.

आता त्याच्या मागे जाऊ. फार मागे नको. खारेपाटणला सापडलेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके 930 चा, म्हणजे इसवी सन 1008 चा. त्या घराण्याचा अंमल दक्षिण कोकणावर होता, गोव्याच्या बाजूलाही होता. म्हणजे हजार वर्षांपूर्वी तेरेखोल ही सरहद्द नव्हती, नुसती नदी होती. एवढं लक्षात ठेवून पुढे चलावं.

शिवाजी महाराजांनी 1664 च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्याच सुमाराला कुडाळजवळ खवासखानाचा पराभव झाला. कुडाळ प्रांत तेव्हा सावंतांच्या ताब्यात होता आणि सावंत कधी विजापूरकडे, कधी महाराजांकडे असे होते. खेम सावंतांनी 1627 च्या सुमारास जे बस्तान बसवलं, त्याचं पुढे सावंतवाडी संस्थान झालं. किल्ला मालवणात, मुलूख कुडाळ-वाडीचा (वाडी म्हणजे सावंतवाडी). दोन सत्ता शेजारी शेजारी नांदत होत्या आणि भांडतही होत्या.

1731 चा वारणेचा तह शाळेत शिकवतात तो सातारा आणि कोल्हापूर यांच्या वाटणीचा तह म्हणून. त्यात कोकणाचं एक कलम होतं, ते आमच्याकडे कुणी सांगत नाही: साळशीपासून खाली कारवारकडच्या अंकोल्यापर्यंतचा कोकणपट्टा कोल्हापूरकरांकडे. साळशी म्हणजे देवगड तालुक्यातलं साळशी. आज तिथून जाताना कुणाला वाटणार नाही की छत्रपतींच्या दोन गाद्यांमधली रेघ या गावाच्या नावाने ओढली गेली होती. मला मात्र त्या बाजूला गेलो की दर वेळी ती आठवते.

म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात अठराव्या शतकात तीन मालक होते. वर विजयदुर्ग-देवगडला आधी आंग्रे, मग पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप. मधे मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला कोल्हापूरकरांचा. कुडाळ, वाडी, बांदा, वेंगुर्ला सावंतांचे. मसुऱ्याचा भरतगड कधी वाडीकडे, कधी कोल्हापूरकडे. गड नदीच्या काठच्या लोकांनी शेतसारा नेमका कुणाला भरला असेल, हा प्रश्न मला तलाठी म्हणून नेहमी पडतो. एका वर्षी दोघांनीही वसूल केला असेल, असा माझा अंदाज आहे.

1812 हे आमच्या जिल्ह्याचं खरं महत्त्वाचं साल. समुद्रात जहाजं लुटली जातात, या कारणावर इंग्रजांनी कोल्हापूरकडून मालवण घेतलं आणि सावंतवाडीच्या फोंड सावंतांकडून वेंगुर्ला बंदर घेतलं. एका वर्षात दोन्ही बंदरं गेली. वेंगुर्ला म्हणजे साधंसुधं गाव नव्हतं. 1637 पासून तिथे डचांची वखार होती, आणि वाडीच्या मुलखाचा सगळा माल तिथूनच जायचा. मग 1819 चा तह: कर्ली नदीपासून पोर्तुगीजांच्या हद्दीपर्यंतची किनारपट्टी, निवती आणि रेडीचा यशवंतगड हे किल्ले धरून, इंग्रजांकडे गेली. त्या दिवसापासून सावंतवाडी हे कोकणातलं राज्य असूनही समुद्राशिवायचं झालं. उभ्या समुद्राला लागून जाणारी इंग्रजी मुलखाची एक अरुंद पट्टी, आणि तिच्या आत संस्थान.

ही पट्टी माझ्या घरातून गेलेली आहे. माझी आजी वेंगुर्ल्याची, आजोबा संस्थानातले. लग्नानंतर आजीने एक पाऊल टाकलं आणि ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली. म्हातारपणीसुद्धा भांडण झालं की ती आजोबांना म्हणायची, "आमी इंग्रजाची रयत, तुमी राजाची. आमचो कायदो येगळो!" आजोबा शांतपणे म्हणायचे, "होय गे, पन तांदूळ राजाचो खातंस." आम्हा मुलांना यातलं काही कळत नव्हतं. आम्ही जन्मलो तेव्हा राजाचं राज्य जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण दोघांच्याही डोक्यात ती शीव पक्की होती.

या अरुंद पट्टीमुळे आणखी एक गोष्ट घडली. मे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह शिरोड्याला झाला. मिठागरं तिथे होती हे तर झालंच, पण शिरोडा इंग्रजी मुलखात होतं. इंग्रजांचा मिठाचा कायदा मोडायचा, तर तो इंग्रजांच्या जमिनीवर मोडायला हवा. आजोबांचे थोरले भाऊ संस्थानातून चालत तिथे बघायला गेले होते. संस्थानचा माणूस तिकडे पकडला गेला तर काय होईल या काळजीने घरच्यांनी त्यांना अडवलं होतं, तरी ते गेले. पुढे लाठीमाराच्या गोष्टी ते सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा.

वेंगुर्ल्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. इंग्रजांच्या काळात बेळगावच्या छावणीसाठी वेंगुर्ला हेच बंदर. माणसं, सामान, सगळं इथे उतरायचं आणि घाट चढून वर जायचं. 1880 च्या दशकात मुरगाव बंदरापासून घाटावर जाणारी पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे झाली आणि व्यापार तिकडे वळला. हद्दीपलीकडे रूळ पडले आणि हद्दीच्या अलीकडचं बंदर ओस पडलं. आमच्या किनाऱ्यावरची अशी कितीतरी घरं आहेत ज्यांचे मोठे सोपे आणि जाड खांब त्या व्यापाराच्या दिवसांतले आहेत, आणि नंतरच्या पिढ्या मुंबईत गेल्या.

आता राहिलेली ती बाजू. गोवा.

पेडणे, डिचोली, सत्तरी हे तिन्ही भाग सावंतांच्या मुलखात होते. 1781 आणि 1782 मध्ये डिचोली आणि सत्तरी पोर्तुगीजांनी घेतली. पेडणे 1788 मध्ये सावंतांनी स्वतः दिलं. कशासाठी? कोल्हापूरकरांच्या विरुद्ध मदत मिळावी म्हणून. हे वाचलं की मला आजही वाईट वाटतं. दोन मराठी राज्यं आपसात भांडत होती, आणि त्या भांडणाची किंमत म्हणून एक अख्खा महाल दर्यापारच्या सत्तेला देऊन टाकला. पेडण्याची भाषा, पेडण्याचे देव, पेडण्याच्या शेतीची पद्धत आणि इथली यांत काय फरक आहे? दोन्हीकडे रवळनाथ, सातेरी, माऊली, वेतोबा. दशावतारी मंडळी आजही नदी ओलांडून तिकडच्या जत्रांना जातात आणि तिकडची माणसं सोनुर्लीच्या माऊलीला येतात.

तेरेखोलचा किल्ला त्याहून आधी, 1746 मध्ये, पोर्तुगीजांनी घेतला होता. किल्ला नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे आमच्या बाजूला. पण तहांत आणि कागदांत तो त्यांचाच राहिला, आणि म्हणून आजही तेरेखोल हे लहानसं गाव गोव्यात आहे. नकाशा उघडून बघा. नदी हीच सरहद्द म्हणावी तर किल्ल्यापाशी सरहद्द नदी सोडून उत्तरेला चढते. गोव्यातून तेरेखोलला जायचं तर केरीहून फेरी, नाहीतर गाडीने किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंद्यात यायचं, म्हणजे महाराष्ट्रात शिरायचं, आणि पुन्हा गोव्यात जायचं. एका माणसाने दोनशे ऐंशी वर्षांपूर्वी जिंकलेला एक बुरूज आज तुम्हाला दोन राज्यांच्या पाट्या दाखवतो.

ही सरहद्द लोकांनी वापरलीही. 1844 मध्ये इंग्रजांविरुद्ध झालेल्या बंडात सावंतवाडीतल्या मनोहर-मनसंतोषगडाच्या बाजूचे बंडखोर इंग्रजांच्या फौजेपुढून निसटले ते पोर्तुगीज हद्दीत. सरहद्द ही पळणाऱ्यासाठी दारही असते. पुढे शंभर वर्षांनी पावलं उलट दिशेने पडली. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा लावला. 15 ऑगस्ट 1955 ला बांद्याजवळच्या पत्रादेवीला सत्याग्रही हद्द ओलांडून आत शिरले तेव्हा पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. अनेक जण तिथेच पडले. वडील त्या वेळी बांद्याला नातेवाइकांकडे होते. गावच्या बायका घागरी भरभरून रस्त्यावर उभ्या होत्या, निघालेल्यांना पाणी देत होत्या, आणि दुपारी त्यांच्यातलेच काही जण रक्ताने माखलेले परत आणले जात होते, एवढंच ते सांगायचे. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही. पत्रादेवीचं स्मारक महामार्गाला लागूनच आहे. गोव्याला समुद्र बघायला जाणाऱ्या गाड्या थांबत नाहीत. थांबावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

त्यानंतर भारत सरकारने हद्द बंद केली. आजीची बहीण पेडण्याला दिलेली होती. 1955 पासून 1961 पर्यंत दोघी बहिणींची भेट नाही. मधे नदी, आणि नदीच्या पलीकडे तिचं घर. घरातलं एक मरण असं झालं की निरोप पोहोचला तो बारावं होऊन गेल्यावर. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि माझ्या आठवणीत नसलेला, पण घरात हजारदा सांगितलेला प्रसंग असा की आजी नेसत्या लुगड्यानिशी निघाली आणि होडीतून पलीकडे गेली.

मग 1967. जानेवारीच्या 16 तारखेला गोव्यात कौल घेतला गेला. फुलाला मत म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानांना मत म्हणजे वेगळं राहायचं. मी लहान होतो, पण आमच्या ओटीवर रेडिओभोवती जमलेली माणसं मला नीट आठवतात. घरातल्या सगळ्यांना खात्री होती की फूलच येणार. आलं 1,38,170 मतं फुलाला आणि 1,72,191 दोन पानांना. गोवेकरांनी आपला निर्णय घेतला आणि तो त्यांचा अधिकार होता, यात मला जराही शंका नाही. लोकांना विचारून ठरलेली ही आमच्या भागातली एकच हद्द. बाकी सगळ्या राजांनी आणि साहेबांनी ठरवल्या. तरीही त्या रात्री आजी जेवली नाही, हे मी पाहिलं आहे. 1788 मध्ये गेलेलं पेडणे परत येणार नाही, हे तेव्हा ठरलं.

घाटाकडची हद्द वेगळ्याच तऱ्हेची. आपल्याला वाटतं कोकण घाटाखाली आणि घाटमाथा कोल्हापूरकडे. पण आंबोली, चौकुळ, गेळे ही गावं घाटावर आहेत आणि सावंतवाडी तालुक्यात आहेत, कारण ती संस्थानची होती. उलट भुईबावडा घाटाखाली, पण त्याचा संबंध पंत अमात्यांच्या बावडा जहागिरीशी. वरचा गगनबावडा कोल्हापूर जिल्ह्यात आणि खालचा भुईबावडा आता वैभववाडी तालुक्यात.

आंबोली-चौकुळ-गेळ्याचा विषय मी थोडा जास्त सांगणार, कारण संस्थान विलीन झालं तरी त्याचे कागद विलीन होत नाहीत याचं ते उदाहरण आहे. तिथे जमीन एकेका माणसाच्या नावे नव्हती. गावकरांनी मिळून राजाला कबुलायत लिहून दिलेली, सारा भरायची जबाबदारी सगळ्यांची, कसणूक वहिवाटीप्रमाणे. कबुलायतदार गावकर म्हणतात ती हीच पद्धत. खालच्या इंग्रजी मुलखात खोती होती, म्हणजे सारा खोत नावाचा मधला माणूस गोळा करायचा. खोती मोडायला 1949 चा कायदा आला, पण कबुलायतदार गावकर ही चीज त्या चौकटीत बसेना. पुढे सातबाऱ्यावर शासनाचं नाव लागलं आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारी माणसं आपल्याच जमिनीत परकी झाली. कर्ज नाही, वाटप नाही, घर बांधायला परवानगी नाही. कित्येक वर्षं ही गावं त्यासाठी झगडत आली आहेत. जो कुणी हे वाचून "जुना इतिहास काय कामाचा" म्हणेल, त्याने चौकुळला जाऊन एक दिवस बसावं.

सरकारी हद्दींबद्दल एवढं लिहिलं, पण आमच्याकडे गावाची एक हद्द अशी आहे जिला कुठल्याही तहाचा कागद नाही. आचऱ्याची गावपळण. काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं आचरा, गुरं-ढोरं, कोंबडी-कुत्री घेऊन शिवेबाहेर जातं, तीन दिवस-रात्री झोपड्यांत राहतं आणि पुन्हा कौल झाल्यावरच परततं. चिंदर आणि वायंगणीलाही ती प्रथा आहे. शीव नेमकी कुठे आहे हे त्या गावातलं लहान पोरही सांगतं, कारण त्याने ती स्वतः ओलांडलेली असते. मोजणीला गेलं की मी नेहमी आधी गावच्या म्हाताऱ्यांना विचारायचो, देवचाराची जागा कुठली, राखणदाराला नारळ कुठे देता. नकाशातली शीव आणि ती जागा बहुतेक वेळा एकच निघायची. आमच्या देवासमोर घालायच्या गाऱ्हाण्यातसुद्धा शिवेवरच्या देवांची नावं येतात, ती उगाच नाही.

1948 मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन झालं आणि रत्नागिरी जिल्ह्यात आलं. तेव्हा पहिल्यांदा 1812 आणि 1819 ची रेघ पुसली गेली. वाडीला समुद्र परत मिळाला, वेंगुर्ल्याला त्याचा मुलूख परत मिळाला. पण रत्नागिरीच्या त्या लांबलचक जिल्ह्यात हे कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. नाथ पै आणि मधु दंडवते यांच्यासारखी माणसं राजापूर मतदारसंघातून दिल्लीत गेली तेव्हा दक्षिण रत्नागिरीचा आवाज वेगळा ऐकू आला खरा, तरी कचेरी लांबच होती. 1981 ला मालवण, देवगड, कणकवली, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी एका जिल्ह्यात आले. कोल्हापूरकरांचं मालवण, धुळपांचं विजयदुर्ग, सावंतांचं कुडाळ, इंग्रजांनी घेतलेलं वेंगुर्ला. नाव किल्ल्याचं दिलं, कचेरी मात्र मुंबई-गोवा महामार्गावर ओरोसला केली, कुडाळ तालुक्यात, मध्यवर्ती म्हणून. 1822 ला रत्नागिरीबद्दल हेच म्हटलं होतं. दोन्ही वेळा ते बरोबर होतं असं माझं मत आहे. कचेरी चालत जाण्याच्या अंतरावर असली पाहिजे, निदान एका दिवसात जाऊन येता आलं पाहिजे.

1999 मध्ये सावंतवाडीतून दोडामार्ग तालुका वेगळा निघाला आणि वैभववाडी धरून आठ तालुके झाले. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत विधानसभेचे मालवण, देवगड आणि वेंगुर्ला हे मतदारसंघ गेले. आता कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी असे तीनच, आणि लोकसभेला पुन्हा रत्नागिरीशी जोडणी. बाकीच्या राज्याच्या मानाने लोकसंख्या कमी पडली की हे होणार, आणि पुढे तर ती घटलीच. 2001 ला जिल्ह्यात 8,68,825 माणसं होती, 2011 ला 8,49,651. मुंबई आणि गोवा, दोन्हीकडे माणसं जातात.

आणि गोव्याकडे जाणं आता मजुरीपुरतं राहिलेलं नाही. दोडामार्ग, बांदा, सातार्डा, आरोंदा या बाजूचा माणूस गंभीर आजारी पडला की गाडी ओरोसकडे वळत नाही, गोव्यातल्या बांबोळीकडे जाते. जवळचं मोठं इस्पितळ तेच. 2018 मध्ये गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे पैसे लागू झाले तेव्हा या गावांत केवढी घालमेल झाली ती मी पाहिली. "आमका गोव्यातच घाला" अशी मागणी दोडामार्गातून उठली. मुंबईत बसून ते ऐकणाऱ्यांना नवल वाटलं असेल. मला वाटलं नाही. तिळारीचं धरण दोडामार्गात, पाणी गोव्याला, दोन्ही राज्यांचा मिळून प्रकल्प. पाणी हद्द ओलांडतं, कामगार हद्द ओलांडतो, मग तापाने फणफणलेल्या पोराला हद्दीवर कागद का दाखवावा लागावा? 2020 ला करोनात नाके बंद झाले तेव्हा रोज मोटरसायकलवरून पलीकडे कामाला जाणारी पोरं महिनोन्‌महिने घरी बसली. आजीची सहा वर्षं मला तेव्हा आठवली. माझं ठाम मत आहे की हद्दीलगतच्या तालुक्यांसाठी दोन्ही सरकारांनी उपचार आणि ये-जा यांचा कायमचा लेखी करार करावा. धरणासाठी होतो, तर माणसांसाठी व्हायला काय हरकत आहे?

आता वाचणाऱ्यांकडे एक मागणं. आपल्या भागात अजून कित्येक घरांत 1948 च्या आधीचे कागद आहेत: कबुलायती, पावत्या, संस्थानी शिक्क्याचे हुकूम, वाटणीपत्रं, बहुतेक मोडीत. माळ्यावरच्या पेटीत, देवघरामागे, कुठेतरी. कुणी ते निरुपयोगी म्हणून जाळू नका. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, त्याने कागद मरतो आणि पुन्हा सोडवता येत नाही. सावलीत, कोरड्या दिवशी उघडा, घडीवर जोर देऊ नका, खिडकीच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. फोटोबरोबर गावाचं नाव, वाडीचं नाव आणि कागद कुणाच्या घरचा हे लिहून ठेवा. मोडी वाचणारे लोक जिल्ह्यात अजून आहेत, आणि माझ्या ओळखीतल्या दोघांना तर असा कागद दिला की जेवणाचीही आठवण राहत नाही. आंबोली, चौकुळ, गेळे, आणि वेंगुर्ल्यापासून रेडीपर्यंतच्या पट्टीतले कागद सगळ्यात आधी हवे आहेत, कारण तिथल्या जमिनींचे वाद अजून चालू आहेत.